टिंबाशेजारची रेघ

२ सप्टेंबर, सोमवार

पाकीट मिळालं. मुकादमांनी ते माझ्या हातात असं ठेवलं की जणू गरम आहे. आत एक कागद. ‘तपासणी विभागाची पुनर्रचना... आपले पद कमी करण्यात येत आहे... ३१ ऑक्टोबर हा कामाचा अखेरचा दिवस.’ चोवीस वर्षं कप ठोकून पारखले आणि निरोप साडेचार ओळींत!

मुकादम खिडकीकडे बघत काहीतरी म्हणाले. मी विचारलं, ‘काय?’ तर पुन्हा म्हणाले, ‘माझ्या हातात काही नव्हतं, बाई.’ मोठ्याने बोलायलाही लाज वाटत असेल बिचाऱ्यांना.

घरी आले, चपला काढल्या, पुन्हा घातल्या. कुठे जायचं ते सुचलं नाही म्हणून पुन्हा काढल्या.

३ सप्टेंबर

कामावर गेले. कप तेच, टेबल तेच. मीच फक्त पाहुणी.

५ सप्टेंबर, गुरुवार

तपासणीचं यंत्र आलं! एवढंसं आहे. मला वाटलं होतं हत्ती येईल, आली शेळी. एक बारीक हातोडी, तिच्याजवळ माइक, वर एक पडदा. कप खाली ठेवला की हातोडी टिचकी मारते आणि पडद्यावर रेघ नाचते. म्हणजे मी करते तेच. माझ्या हातात लाकडी ठोकणी, त्याच्याकडे लोखंडी. भट्टीतून निघालेला कप चांगला असला तर टण्णकन बोलतो, केसाएवढी चीर असली तर ठक् करतो. दिसत नाही ती चीर, ऐकू येते. त्यासाठी तर मला ठेवलं होतं.

यंत्राबरोबर एक बाई आल्या आहेत. तिशी ओलांडलेली, जाड भिंगांचा चष्मा, सारखा नाकावरून घसरतो. मी मनातल्या मनात नाव ठेवलंय – चष्मेवाली. मला म्हणाल्या, ‘काकू, यंत्राला मी काही शिकवत नाही. ते तुमच्याकडून शिकणार. तुम्ही चांगले कप उजव्या ट्रेमध्ये ठेवायचे, वाईट डाव्या. ते ऐकून लक्षात ठेवेल.’

म्हणजे या दोन महिन्यांत मी माझ्या जागेवर बसणाऱ्याला तयार करायचं! बरं. शिकवते. फुकटची मास्तरीण.

चिमणीला आजपासून पॅकिंगला पाठवलं. चिमणी म्हणजे माझी टेबलाची जोडीदारीण. बावीस वर्षं शेजारी बसली, तोंड एक मिनिट बंद नाही, म्हणून चिमणी. दोघींनी आपापले कप ठोकायचे, ट्रे भरला की चिठ्ठीवर आपली खूण करून आत टाकायची. माझी खूण टिंब, तिची खूण आडवी रेघ. मग ट्रे गाडीवर चढवायचं काम तिचं. तिचं पद कमी झालेलं नाही. तिने जाताना माझ्याकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

८ सप्टेंबर, रविवार

ताईचा फोन. पाकिटाचं सांगायचं ठरवलं होतं, सांगितलं नाही. ती हल्ली फोनवर इतकं पुटपुटते! सत्तरी आली तिची, दम लागत असेल. मी हो-हो करत राहिले. शेवटी तीच चिडली, ‘अगं, मी प्रश्न विचारतेय, हो काय म्हणतेस?’ फोनच बदलायला झालाय.

कुकरची शिट्टी परत बिघडली. भाताचा कोळसा. मागच्याच महिन्यात नवी आणून बसवली होती. हल्ली कुठल्याच वस्तूत दम नाही.

एकटीसाठी कुकर लावायचा तरी कशाला, म्हणा.

१२ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत मी गेले की टेबल गप्प होतं. गप्प म्हणजे कसं – ओठ हलत असतात, हसणं चालू असतं, पण आवाज खाली घेतलेला. माझ्यासमोर नोकरीबद्दल बोलायचं नाही असं ठरलं असावं. आजाऱ्याच्या खोलीत असतं तसं. मला असल्या दयेचा तिटकारा आहे! डबा उचलला आणि यंत्राशेजारी बसून खाल्ला. यंत्र निदान कुजबुजत नाही.

चिमणी दोन टेबलं सोडून पाठमोरी बसली होती. ही तीच चिमणी जी डब्यात काय आहे, का आहे, उद्या काय असेल, सगळं सांगायची. तशी ती गप्प मागच्या वर्षापासूनच व्हायला लागली होती. तेव्हा मला वाटलं घरचं काही असेल. आता वाटतं तिला आधीपासून माहीत होतं, कोण जाणार ते. बावीस वर्षं! एका शब्दाने सांगू नये?

१६ सप्टेंबर

आज दिवसभरात माझ्याशी तीन माणसं बोलली. त्यांतली दोन ‘सरका’ म्हणाली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मोठे मग झाले, मधले कप झाले. आजपासून लहान कप. हे सगळ्यांत अवघड. भिंत पातळ, आवाज बारीक, उंच. नवशिक्यांना फरक कळायला तीन-तीन वर्षं लागतात. चिमणीला मी पाच वर्षं लहान कपांना हात लावू दिला नव्हता. नंतर दिला तेव्हा एकच नियम घालून दिला – ज्या ट्रेमधले कप ठोकलेस त्या चिठ्ठीवर तुझी खूण झालीच पाहिजे. मग तो कप कुणाचाही असो, काही कारण असो. उद्या कप फुटला तर कुणाच्या कानाखालून गेला ते कळायला हवं. तेव्हा ती रडली होती. म्हणाली, ‘तू सासूपेक्षा वाईट आहेस.’ नंतर आठवून आम्ही दोघी किती हसायचो.

आज दिवसभरात बारा ट्रे केले. डाव्या बाजूला जवळपास काहीच नाही. भट्टी छान चालू आहे वाटतं. चष्मेवालीला म्हटलं, ‘बघा, माल कसा निघालाय! मी जायला लागल्यावर.’ तिने पडद्याकडे पाहिलं, चष्मा वर केला.

२७ सप्टेंबर

समोरच्या फ्लॅटमधल्या आजी जिन्यात भेटल्या. तोंड फुगवलेलं. म्हणे दोन वेळा बेल वाजवली, घरात दिवा होता, टीव्ही धो धो चालू होता, तरी मी दार उघडलं नाही! मी घरातच होते. बेलचा सेल गेला असणार. आजी म्हणाल्या, ‘खालपर्यंत ऐकू आली हो.’ खोटं बोलायला काही मर्यादा! वाद घातला नाही. लोक माझ्यापासून तुटायला काहीही निमित्त शोधताहेत.

आत येऊन रडले. उगाच. बेलवरून.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

यंत्र आता स्वतःच्या स्वतः चालतं. मी फक्त बसून असते. हातात ठोकणी असते, सवयीने. दुपारी मुकादम म्हणाले, ‘बाई, सुट्टी घ्या ना शिल्लक असेल तर.’ म्हणजे नजरेआड व्हा. मी म्हटलं, ‘३१ तारखेपर्यंतची खुर्ची माझी आहे.’

खुर्चीत बसले. पाच वाजता निघाले. चिमणी नेहमी सहापर्यंत थांबायची, नवरा भट्टीवर आहे, त्याची पाळी सहाला सुटते, दोघं बरोबर जातात. आज मात्र ती माझ्याआधी फाटकाबाहेर होती. मला पाहून रस्ता ओलांडला. चोरासारखा!

आपण माणूस जोडतो म्हणजे नक्की काय करतो? टेबल जोडतो बहुतेक.

१० ऑक्टोबर, गुरुवार

परत आला माल!!

एका हॉटेलाने लहान कपांच्या सहा पेट्या परत धाडल्या. चहा ओतला की थेंब थेंब पाझरतो, दोन तर वेटरच्या हातात दुभंगले. सगळे यंत्राने पास केलेले! मुकादमांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी डबा उघडला आणि आज महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले. पापी आहे मी. असू दे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आणखी चार ठिकाणांहून तक्रार. फक्त लहान कप. मोठे मग चांगले, मधले कप चांगले. मोठे साहेब स्वतः खाली आले. चष्मेवालीला सगळ्यांसमोर झापलं. ती पडद्याकडे बोट दाखवून काही सांगायला गेली तर हाताने थांबवलं. तिचा चष्मा घसरत राहिला, वर करायचं भान नव्हतं तिला.

मग मुकादम माझ्याजवळ आले, अगदी समोर येऊन म्हणाले, ‘बाई, यंत्र नापास. वर बोलणं चाललंय. तुमचं पत्र परत घेतील. माणसाचा कान तो माणसाचा कान!’

आभाळ ठेंगणं झालं. बसमध्ये उभी राहूनही बसल्यासारखं वाटलं. रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं, तीही गोड लागली.

ताईला फोन करून सगळं सांगितलं – पाकीट, यंत्र, पत्र परत येणार तेही. ती बराच वेळ काहीबाही बोलली. रागावली असेल आधी का नाही सांगितलं म्हणून. नीट कळलं नाही. हो म्हटलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण इथे नाही लिहिलं तर कुठे?

पाचनंतर चष्मेवालीने थांबायला सांगितलं. हॉल रिकामा. टेबलावर एक शाईची बाटली, तांबडी, आणि फडकं. म्हणाली, ‘काकू, मला एक समजत नाहीये. यंत्र चुकतंय, पण कसंही चुकत नाही. दर वेळी एकाच प्रकारे चुकतं. मदत कराल?’ मी ऐटीत बसले. आता आली ना गरज!

तिने लहान कप समोर ठेवले, दहा. मी एकेक ठोकला. दहाच्या दहा चांगले. मग तिने तेच दहा यंत्राखाली धरले, एकेक. पडद्यावरची रेघ सात वेळा उंच, टोकदार. तीन वेळा बसकी, मधेच तुटलेली. कपाकपात एवढा फरक, आंधळ्यालाही दिसेल असा. मी म्हटलं, ‘पुन्हा ठोका.’ तिने ठोकला. बसक्या रेघेचा कप. मला तो आणि आधीचा एकच वाटला. ‘पुन्हा.’ एकच. मी माझी ठोकणी तिच्या हातात दिली आणि कान कपाच्या काठाशी नेला. तिने एक चांगला कप ठोकला, मग दुसरा. मला लाकूड लागल्याचं कळलं. टण्ण नाही. कुठेच टण्ण नाही. सात चांगल्या कपांतसुद्धा नाही!

मग तिने बसक्या रेघेच्या त्या तीन कपांवर शाई फिरवली आणि पुसली. तिन्ही कपांवर केसासारखी तांबडी रेघ राहिली.

‘हे तुमच्या उजव्या ट्रेमधले आहेत,’ ती म्हणाली. म्हणजे चांगल्यांतले. ‘मी मागे जाऊन सगळे पाहिले. लहान कपांत दर ट्रेला आठ-दहा. यंत्र तुमच्याकडून शिकलं, काकू. बरोबर शिकलं.’

मी विचारलं, कुणाला सांगितलंत? तिने मान हलवली, नाही. मग हळूच काही बोलली, ते मला कळलं नाही. आणि या वेळी मला माहीत होतं की ती हळू बोललेली नाही.

१७ ऑक्टोबर

गेले नाही. कुकर लावला आणि त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. शिट्टी उचलली गेली. वाफ दिसली. चार वेळा दिसली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कानाच्या डॉक्टरांकडे. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोप्या, आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ वाट पाहिली, सुरू कधी होतंय म्हणून. सुरू होऊन संपलंही होतं.

खालचे आवाज बरे आहेत. उंच, बारीक आवाज गेलेत. डॉक्टरांनी कागद फिरवून दाखवला – एक रेघ, सुरुवातीला सपाट, मग कड्यावरून पडल्यासारखी. ‘एका दिवसात होत नाही हे. दोन-तीन वर्षं तरी चाललं असणार. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?’

कोण सांगणार? सांगितलं असेल तरी.

घरी येऊन ही वही मागे चाळली. बेलवाल्या आजी. ताई. जेवणाचं टेबल. कुणी आवाज खाली घेतला नव्हता. ते मला हाका मारत असतील आणि मी मान ताठ ठेवून पुढे जात असेन. कसली घमेंडखोर म्हातारी वाटले असेन मी! दोन वर्षं मी लोकांवर रुसले होते आणि लोकांना वाटत होतं... काय वाटत होतं देव जाणे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

दुसरं पाकीट. पहिलं पत्र रद्द. माझी सही हवी, बस्स. मुकादम हसत होते, त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. ‘यंत्र परत जाणार, ती बाईपण जाणार. तिच्या कंपनीने तिला घरी बसवलंय म्हणे.’

म्हटलं, ‘दोन दिवस द्या. चष्मा विसरलेय.’ चष्मा डोक्यावर होता.

२२ ऑक्टोबर

सही केली तर काय होईल? काही नाही. मोठे मग मला ऐकू येतात. मधलेही येतात बऱ्यापैकी. लहान कपांसाठी काहीतरी युक्ती करीन. निवृत्तीला साडेपाच वर्षं. रोज बस, रोज टेबल, कुणीतरी ‘सरका’ म्हणायला. हे घर सकाळी नऊला कसं असतं ते मी अजून नीट पाहिलेलंही नाही. १७ तारखेला पाहिलं. नको.

आणि ती घरी बसली आहे. चष्मा घसरत असेल. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिची नोकरी वाचली असती, एका वाक्यात. ओळख ना पाळख!

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. दोन-तीन वर्षं मी बहिरी. मग दोन-तीन वर्षं माल परत का नाही आला?

२३ ऑक्टोबर, बुधवार

सांगितलं. मुकादमांसमोर डॉक्टरांचा कागद ठेवला आणि म्हटलं, ‘यंत्र नापास नाही. मास्तरीण नापास.’ वाक्य बसमध्ये पाठ करून गेले होते, नाहीतर तोंडातून बाहेर पडलं नसतं. त्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर खुर्चीत बसले. म्हणाले, ‘बाई, सही केली असती तर कुणाला कळलं असतं?’ म्हटलं, ‘मला.’

फार धीट वाटलं तेव्हा. फाटकाबाहेर आल्यावर माझी बस समोरून गेली, चढायचं सुचलं नाही. खूप भीती वाटतेय. खरंच.

२५ ऑक्टोबर

चष्मेवाली परत आली. माझ्यासमोर उभी राहिली, माझे दोन्ही हात धरले. बोलली नाही. बरं केलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

मुकादमांचा हुकूम – गोदामातला मागच्या वर्षाचा लहान कपांचा साठा शाईने तपासा. सगळा माझ्या हाताखालून गेलेला. मी आणि चष्मेवाली दोघीच. प्रत्येक ट्रे काढताना वाटायचं – आता तांबड्या रेघा दिसणार, शेकड्याने. माझी सगळी अब्रू उताणी पडणार.

पंचवीस ट्रे झाले. एकही रेघ नाही.

चष्मेवाली म्हणाली शाई शिळी असेल. नवी बाटली फोडली. तरी नाही. एकूण एक कप चांगला. बहिऱ्या बाईने वर्षभर एकही चूक केली नाही, आणि यंत्र आल्यावर पाचच आठवड्यांत सगळं ढासळलं? उद्या-परवा उरलेले बघायचेत. मला तर भानामतीच वाटायला लागली आहे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटचा ट्रे रिकामा केला आणि तळाची चिठ्ठी हाताला लागली. माझं टिंब. त्याच्या शेजारी, पेन्सिलीने, बारीक – आडवी रेघ. मग सगळ्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. प्रत्येकीवर. ठोकला की खूण करायची, कप कुणाचाही असो, काही कारण असो.

मुकादमांना विचारलं, चिमणीच्या नवऱ्याची पाळी किती वाजता सुटते. म्हणाले, ‘चार. वर्ष होऊन गेलं बदलून. का?’ म्हणजे पाच ते सहा ती नवऱ्यासाठी थांबत नव्हती, माझे कप पुन्हा ठोकत होती.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलावर गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथे नाही बसले. समोर बसले, खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर येईल अशी. ती मान खाली घालून रडायला लागली. मी हनुवटीला धरून तिचं तोंड वर केलं. म्हटलं, ‘चिमणे, ओठ दिसू देत. आणि बोल. वर्षभराचं राहिलंय.’